पाळीव कॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातील आर्द्रता: मोजणी, साधने आणि दिवसरात्रीचे वेळापत्रक

कॅमेलिऑन नव्याने पाळणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘आर्द्रता किती टक्के ठेवायची?’ हा असतो आणि त्याला मिळणारे उत्तरही बहुधा एका आकड्याचे असते. कोणी पन्नास सांगतो, कोणी सत्तर. तो एक आकडा चोवीस तास टिकवण्याच्या खटाटोपात दिवसातून अनेकदा फवारणी होते, जाळीचा पिंजरा चहूबाजूंनी प्लास्टिकने गुंडाळला जातो, कुंडीतल्या मातीवर पांढरी बुरशी चढते आणि अखेर प्राण्याच्या तोंडाशी चिकट बुडबुडे दिसू लागतात. या लेखात एक आकडा दिलेला नाही. दिवसा कोरडी हवा, रात्री थंड आणि दमट हवा, आणि या दोन्हींच्या सांध्यावर पानांवर पाणी, ही लय पिंजऱ्यात कशी आणायची ते येथे क्रमाने सांगितले आहे.

उदाहरणासाठी व्हेल्ड कॅमेलिऑन घेतला आहे, कारण घरी पाळल्या जाणाऱ्या जातींमध्ये तो सर्वांत जास्त आढळतो आणि आर्द्रतेबद्दलचे सर्वांत जास्त गैरसमजही त्याच्याच वाट्याला आले आहेत. हा प्राणी मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला. अरबस्तान म्हटले की वाळवंट डोळ्यांसमोर येते, पण येमेनच्या डोंगराळ भागात वसंतात एकदा आणि जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास पुन्हा एकदा पाऊस पडतो. तिथल्या दऱ्यांमध्ये आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमध्ये झाडी असते, दुपारची हवा कोरडी असते, रात्री गारवा उतरतो आणि पहाटे पानांवर दव साचते. कॅमेलिऑन भांड्यातल्या स्थिर पाण्याला सहसा तोंड लावत नाही. पानांवरचे थेंब चाटणे हीच त्याची पाणी पिण्याची रीत आहे. शिवाय श्वासावाटे शरीरातले पाणी सतत बाहेर जात असते आणि भोवतीची हवा थंड व बाष्पाने भरलेली असेल तर हा ऱ्हास घटतो. त्यामुळे रात्रभर दमट हवेत झोपलेल्या प्राण्याला दिवसाचा कोरडेपणा सोसतो, मात्र रात्रभर कोरड्या हवेत झोपलेल्या प्राण्याची तूट दिवसभराच्या फवारणीनेही पुरती भरून निघत नाही.

भारतातील वाचकांनी एक बाब आधीच पाहून घ्यावी. आपल्याकडे रानात दिसणारा भारतीय कॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणे, विकत घेणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो ‘शेतात सापडला’ असे कोणी कितीही सांगो. व्हेल्ड आणि पँथर या परदेशी जाती साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात येतात, आणि अशा प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. कागदपत्रे नसतील तर व्यवहार करू नये. अमेरिका, ब्रिटन किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्या त्या देशाचे आणि राज्याचे नियम पाहावेत.

टक्केवारी कशाची?

हायग्रोमीटरवर दिसणारा आकडा सापेक्ष आर्द्रतेचा असतो. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प सामावू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, एवढेच तो सांगतो. हवा तापली की तिची क्षमता झपाट्याने वाढते, म्हणून बाष्प तेवढेच राहूनही टक्केवारी उतरते. पहाटे १८ अंश सेल्सियस तापमानाला ९० टक्के दाखवणारी हवा ३० अंशांपर्यंत तापली, की पाण्याचा एक थेंबही कमी न होता सुमारे ४४ टक्के दाखवू लागते. सकाळी दिवा लागल्यावर आकडा कोसळताना पाहून फवारणीकडे धावणाऱ्याने हा हिशेब लक्षात ठेवावा. ती घसरण बिघाडाची नाही, निसर्गातही सूर्य वर आल्यावर हेच घडते.

याच कारणाने एका पिंजऱ्यात ठेवलेले दोन मीटर वेगवेगळे आकडे दाखवतात. तळाशी २३ अंशांना ५० टक्के असताना, शेकण्याच्या फांदीजवळ ३१ अंशांना तेच बाष्प ३१ टक्क्यांच्या आसपास भरते. दोन्ही मीटर बरोबर असतात. थंड प्रदेशातल्या हिवाळ्यात हाच नियम घरभर लागू होतो. बाहेर शून्य अंशाला ८० टक्के आर्द्रतेची हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापवली गेली, की तिची आर्द्रता २० टक्क्यांवर येते. न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये जानेवारीत ओठ फुटतात ते यामुळे, आणि कॅमेलिऑनची कात अडकते तीही बऱ्याच अंशी यामुळेच.

यातून निघणारा निष्कर्ष असा की आर्द्रतेचा विचार तापमानाला सोडून करता येत नाही. ‘८० टक्के’ हा आकडा १८ अंशांच्या रात्री हितकर असतो, तर २९ अंशांच्या कोंदट पिंजऱ्यात तोच आकडा जीवाणू आणि बुरशीला आमंत्रण ठरतो.

पहिली पायरी: विश्वासार्ह मोजणी

काट्याचे गोल हायग्रोमीटर दिसायला छान असले तरी त्यांचा भरवसा नसतो. काहींचा काटा तर फवारणीनंतर अडकतो आणि आठवडाभर तिथेच राहतो. साधा डिजिटल मीटर स्वस्तात मिळतो. किमान आणि कमाल नोंद साठवणारा, शक्य झाल्यास मोबाईलवर रात्रभराचा आलेख दाखवणारा मीटर घ्यावा, कारण आपल्याला खरी माहिती हवी असते ती पहाटे तीन ते सहा या वेळची, आणि त्या वेळी आपण झोपलेले असतो.

नवा मीटर लावण्यापूर्वी त्याची मिठाची चाचणी करावी. बाटलीच्या प्लास्टिकच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घ्यावे आणि त्यात थेंबाथेंबाने पाणी घालून ओल्या वाळूइतपत करावे. मीठ विरघळून वर पाणी तरंगू लागले तर ते जास्त झाले असे समजून आणखी मीठ घालावे. हे झाकण आणि मीटर, एकमेकांना न शिवता, झिपच्या जाड पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून रात्रभर स्थिर तापमानाच्या जागी राहू द्यावे. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा साधारण खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी पिशवी उघडण्यापूर्वीच आकडा वाचावा. मीटरने ७० दाखवले तर पुढे प्रत्येक नोंदीत ५ मिळवावेत आणि तसे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून मीटरच्या पाठीला चिकटवावे. फरक दहाच्या वर असेल तर मीटर बदललेला बरा. ही चाचणी वर्षातून एकदा तरी करावी, कारण सतत ओलावा लागून संवेदक हळूहळू बिघडतात.

पिंजऱ्यात दोन मीटर पुरतात. एक प्राणी रात्री ज्या फांदीवर झोपतो तिच्या उंचीवर, दुसरा खालच्या तृतीयांश भागात. दोन्ही नोझलच्या थेट फवाऱ्यापासून आणि दिव्याच्या झोतापासून दूर असावेत. भिजलेला मीटर बराच वेळ ९९ दाखवत राहतो आणि आपण उगाच निश्चिंत होतो.

फवारणीत काहीही बदल करण्यापूर्वी दोन-तीन दिवस नुसत्या नोंदी घ्याव्यात: खोलीतली आर्द्रता, पिंजऱ्यातली आर्द्रता, रात्रीचे किमान तापमान. घाईच्या माणसाला ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण फॉगर, म्हणजे धुके सोडणारे यंत्र, लागणार आहे की नाही, हे ठरते ते याच नोंदींवरून.

दुसरी पायरी: पिंजरा आणि झाडे

प्रौढ व्हेल्डसाठी ६० × ६० × १२० सेंटिमीटरचा पिंजरा प्रचलित आहे. चारही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा दमट प्रदेशात उत्तम चालतो. कोरड्या किंवा हीटरच्या घरात मात्र त्यात ओलावा टिकत नाही, आणलेले धुके काही मिनिटांत खोलीत विरून जाते. अशा घरात मागची बाजू आणि दोन्ही कडा पारदर्शक प्लास्टिकच्या किंवा ॲक्रिलिकच्या पत्र्याने बंद कराव्यात, वरची जाळी पूर्ण उघडी ठेवावी आणि समोरच्या बाजूला खालून हवा आत येईल अशी फट किंवा जाळीची पट्टी ठेवावी. दिव्याने तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. हा प्रवाह चालू असेल तर तिन्ही बाजू बंद असूनही पिंजरा कोंदट होत नाही. वरची जाळी झाकण्याचा मोह टाळावा. फार तर दिवे सोडून उरलेल्या भागापैकी थोडा भाग हिवाळ्यापुरता झाकावा.

आर्द्रतेचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे जिवंत झाडे. पाने सतत बाष्प सोडतात, फवाऱ्याचे थेंब धरून ठेवतात आणि घनदाट पानांच्या आत भोवतालापेक्षा थोडी जास्त दमट अशी जागा तयार होते. प्राणी गरजेप्रमाणे त्या जागेत शिरतो किंवा बाहेर येतो, म्हणजे निवड त्याच्या हाती राहते. मनी प्लांट, शेफ्लेरा, जास्वंद आणि फायकस ही मंडळी या कामाला योग्य आहेत. व्हेल्ड पाने खातो, म्हणून विषारी झाडे वर्ज्य करावीत. जास्वंदीची पाने आणि फुले तो आवडीने खातो आणि ती त्याला चालतात. नर्सरीतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक असू शकते हे गृहीत धरून पाने दोन्ही बाजूंनी धुवावीत, माती बदलावी आणि झाड काही आठवडे बाहेर ठेवून मगच पिंजऱ्यात घ्यावे. कुंडीतली माती मोठ्या गुळगुळीत दगडांनी झाकावी. दगड इतके मोठे असावेत की जीभ मारून ते तोंडात जाणार नाहीत.

प्लास्टिकची झाडे थेंब धरतात, पण बाष्प सोडत नाहीत आणि त्यांच्या सांध्यांत मळ साचतो. सुरुवातीला झाडे विरळ असताना ती भरीला वापरायला हरकत नाही, मात्र व्हेल्ड त्यांनाही चावून पाहतो हे विसरू नये.

तिसरी पायरी: पाणी पोहोचवण्याची साधने

हाताने दाबायचा फवारा एका प्राण्यासाठी पुरेसा ठरू शकतो, पण त्यात माणसाची शिस्त लागते. कोमट पाण्याचा बारीक फवारा पानांवर मारावा, प्राण्याच्या तोंडावर नाही. बरेच कॅमेलिऑन पाणी पडू लागल्यावर लगेच पीत नाहीत. ते आधी डोळे फिरवून साफ करतात, थोडा वेळ स्तब्ध बसतात आणि मग जवळच्या पानावरून चाटू लागतात. अर्ध्या मिनिटाची फवारणी करून निघून जाणाऱ्याला आपला प्राणी पाणी पितो की नाही, हे कधीच कळत नाही.

पंप, नळी, नोझल आणि टायमर असलेली स्वयंचलित यंत्रणा घेणार असाल तर पाण्याची टाकी पिंजऱ्याच्या खाली ठेवावी. टाकी नोझलच्या वर असली तर पंप बंद झाल्यानंतरही सायफन होऊन पाणी टिपकत राहते आणि सकाळी जमिनीवर तळे साचते. बसवल्यावर प्रत्येक नोझल एक मिनिट पेल्यात धरून किती पाणी येते ते मोजावे. त्यावरून दिवसाला किती पाणी पिंजऱ्यात पडणार आणि खाली किती जमणार, याचा अंदाज बांधता येतो. पिंजऱ्याच्या तळाला छिद्रे आणि त्याखाली उताराचा ट्रे व बादली ही सोय यंत्रणेआधी करावी, नंतर नव्हे. पाणी वाहून जाण्याची वाट नसलेल्या पिंजऱ्यात कितीही चांगली यंत्रणा लावली तरी महिन्याभरात कुबट वास येऊ लागतो.

विजेबाबत दोन गोष्टी टाळता येत नाहीत. प्रत्येक वायरला सॉकेटच्या पातळीखाली झोळ ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. आणि फवाऱ्याचे तुषार तापलेल्या दिव्यावर उडणार नाहीत अशी नोझलची दिशा ठेवावी, कारण गरम काच पाण्याने तडकते. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी घरात बसवलेले नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी बसवून घ्यावे.

ठिबकासाठी दुकानातून महागडा ड्रिपर आणण्याची गरज नाही. औषधांच्या दुकानात मिळणारा सलाइनचा नवा सेट, सुई काढून टाकून, स्वच्छ बाटलीला जोडला की काम होते. नळीवरच्या चाकाने थेंबांचा वेग हवा तसा कमीजास्त करता येतो. दर दोन सेकंदांना एक थेंब एका रुंद पानावर पडेल, तिथून दुसऱ्या पानावर ओघळेल आणि शेवटी खाली ठेवलेल्या भांड्यात जमेल अशी मांडणी करावी. हलणारा, चमकणारा थेंब कॅमेलिऑनचे लक्ष वेधतो. ठिबकाने आर्द्रता फारशी वाढत नाही आणि हाच त्याचा गुण आहे: हवा दमट न करता पाणी पाजता येते.

फॉगर म्हणजे अल्ट्रासोनिक चकतीच्या कंपनांनी पाण्याचे सूक्ष्म तुषार करणारे यंत्र. पाण्यात जे असेल ते सारे तो हवेत उडवतो: क्षार असतील तर क्षार, जीवाणू असतील तर जीवाणू. म्हणून त्यात आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरावे, रोज जुने पाणी टाकून नवे भरावे आणि सुगंध, औषध किंवा तेल यांतले काहीही त्यात घालू नये. धुके वाहून नेणारी सळदार नळी पिंजऱ्यापर्यंत सलग चढती किंवा सलग उतरती ठेवावी. मध्येच ती लोंबली तर त्या खळग्यात पाणी साचून धुक्याची वाट बंद होते, यंत्र मात्र रात्रभर घुरघुरत राहते. थंड धुके जड असते आणि खाली उतरते, म्हणून नळीचे तोंड पिंजऱ्याच्या वरच्या भागात, पण झोपण्याच्या फांदीपासून हातभर अंतरावर असावे. कॅमेलिऑनचे तोंडच धुक्याच्या झोतात येईल अशी मांडणी करू नये.

चौथी पायरी: दिवसरात्रीचे वेळापत्रक

खालील वेळा सकाळी सातला दिवे लागतात आणि संध्याकाळी सातला बंद होतात असे धरून दिल्या आहेत. आपल्या घरातल्या वेळेप्रमाणे त्या मागेपुढे कराव्यात.

सकाळी साडेसहाला, दिवे लागण्याआधी, दोन ते तीन मिनिटे फवारणी करावी. पाने ठिबकतील इतके पाणी पडले पाहिजे. हे दव आहे, आणि प्राणी जागा झाल्यावर त्याला ते तयार मिळते. सातला दिवे लागल्यावर पाने वाळू लागतात. नऊ-दहापर्यंत पिंजऱ्यातला बहुतेक भाग कोरडा दिसायला हवा. दुपारी अकरापर्यंतही पानांखाली आणि तळाशी पाणी साचून राहत असेल, तर फवारणी जास्त होते आहे किंवा हवा खेळती नाही.

दिवसभर व्हेल्डसाठी ३० ते ५० टक्के आर्द्रता पुरते. शेकण्याच्या जागी नरासाठी २९ ते ३२ अंश आणि मादीसाठी त्याहून दोन-तीन अंश कमी तापमान असावे. दुपारी वीस मिनिटे ते अर्धा तास ठिबक चालू करावे. प्राणी त्याकडे ढुंकूनही पाहत नसेल आणि त्याची विष्ठा चांगली असेल, तर त्याला तहान नाही एवढाच अर्थ घ्यावा.

दिवे बंद झाल्यानंतर, पिंजरा थोडा निवल्यावर, एक-दोन मिनिटे दुसरी फवारणी करावी. या वेळी तापमान उतरत असल्यामुळे थोड्या पाण्यातही आर्द्रता चढते आणि टिकते. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत फॉगर अर्धा तास चालू, अर्धा तास बंद अशा पाळीने चालवावा. रात्रीची आर्द्रता ७५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान जावी, पण ही सारी सूचना रात्रीचे तापमान २० अंशांच्या आसपास किंवा खाली उतरत असेल तरच लागू आहे. रात्री २२ अंशांच्या वर तापमान राहत असेल तर फॉगर बंद ठेवावा आणि संध्याकाळच्या व पहाटेच्या फवारणीवर भागवावे. माझ्या मते फॉगरबद्दलची निम्मी भांडणे ही अट न सांगितल्यामुळे होतात.

पिल्लांचे शरीर लहान असल्यामुळे त्यांच्यातले पाणी लवकर कमी होते. त्यांना दिवसातून एक-दोन वेळा जास्तीची, अगदी बारीक तुषारांची, थोडक्यात आटोपणारी फवारणी द्यावी. मोठा थेंब इवल्या पिल्लाला चिकटून त्याची धडपड होते. पोटात अंडी असलेल्या मादीसाठी वाळूचे जे भांडे ठेवतात, त्यातली वाळू खणलेले भुयार ढासळणार नाही इतपत ओली असावी, चिखल नसावा.

स्थळ आणि ऋतू यांप्रमाणे बदल

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की आर्द्रता वाढवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न असतो तो कमी करण्याचा. रात्रीचे तापमान २५-२६ अंशांखाली उतरत नाही आणि पाने वाळत नाहीत. जून ते सप्टेंबर फॉगर कपाटात ठेवावा, फवारणी सकाळी एकदाच आणि तीही पाणी पाजण्यापुरती करावी, आणि पिंजऱ्यावर थेट वारा न मारता खोलीतली हवा हलती राहील असा पंखा लावावा. शक्य असल्यास रात्री एसीने खोली थोडी थंड करावी. एसी हवेतले पाणीही काढून घेतो, त्यामुळे या दिवसांत तो दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो.

विदर्भाचा उन्हाळा ही वेगळीच परीक्षा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४३-४५ अंशांवर जातो आणि दुपारची हवा पापड वाळवण्याजोगी कोरडी होते. तिथे आधी तापमानाचा बंदोबस्त करावा, कारण या प्राण्याला ३५ अंशांच्या वरची हवा फार काळ सोसत नाही आणि नुसत्या फवारणीने तो वाचणार नाही. वाळ्याचा कूलर खोली थंडही करतो आणि दमटही करतो, म्हणून कूलर चालू असलेल्या खोलीत वेगळ्या फॉगरची गरज क्वचितच लागते. मात्र कूलरच्या टाकीतले पाणी शिळे होऊ देऊ नये आणि त्याचा झोत पिंजऱ्यावर घेऊ नये. पुण्यात थंडीच्या रात्री १० ते १५ अंश असतात, हवाही चांगली असते. खिडकी किंचित उघडी ठेवून पहाटेची फवारणी केली तर निसर्गच उरलेले काम करतो.

परदेशात सेंट्रल हीटिंगच्या घरात नोव्हेंबर ते मार्च हा कठीण काळ. तिथे संपूर्ण खोलीसाठी ह्युमिडिफायर लावून खोलीच ३५-४० टक्क्यांवर आणणे, आणि मग पिंजऱ्यात रात्री फॉगर चालवणे, हा मार्ग एकट्या फॉगरपेक्षा जास्त परिणामकारक ठरतो. रात्री थर्मोस्टॅट १७-१८ अंशांवर उतरवला तर टक्केवारी आपोआप चढते आणि प्राण्यालाही ते तापमान मानवते. खोलीची आर्द्रता फार वाढवल्यास मात्र थंड खिडक्यांच्या काचांवर पाणी साचते आणि भिंतीला बुरशी लागते, त्यावर लक्ष ठेवावे.

पाचवी पायरी: स्वच्छता

फॉगरची टाकी, चकती आणि नळी आठवड्यातून एकदा पांढऱ्या व्हिनेगरने धुऊन, भरपूर पाण्याने खळाळून, पूर्ण वाळवून मगच परत लावावी. वाळवणे महत्त्वाचे, कारण ओल्या नळीच्या सळांत जो बुळबुळीत थर वाढतो तोच पुढे धुक्यातून प्राण्याच्या फुप्फुसात जातो. नोझल जड पाण्याच्या क्षारांनी बुजतात. फवारा तिरका जाऊ लागला किंवा धार पडू लागली तर नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावे. टाचणीने छिद्र कोरू नये, ते रुंदावते. तळाचा ट्रे रोज रिकामा करावा. मेलेले किडे आणि विष्ठा ओल्या तळाशी राहिली तर पाणी आणि धुके यांवरचा सारा खर्च वाया जातो.

प्राणी काय सांगतो

मीटर हवेबद्दल सांगतो, प्राण्याबद्दल नाही. त्यासाठी विष्ठेसोबत पडणारा युरेट, म्हणजे घट्ट मूत्राचा भाग, रोज पाहावा. तो पांढरा असावा. टोकाला थोडी पिवळसर छटा असेल तर काळजी नको, पण सगळाच भाग गडद पिवळा, नारिंगी किंवा खडूसारखा कोरडा असेल तर पाणी कमी पडते आहे. डोळ्यांचे बुरूज खोल गेलेले दिसणे, दिवसा डोळे मिटून बसणे आणि फवारणी होताच अधाशासारखे बराच वेळ पीत राहणे या खुणा त्याच्याही पुढच्या आहेत.

कात तुकड्यातुकड्यांनी जाणे ही कॅमेलिऑनची नेहमीची रीत आहे. प्रौढात काही दिवस लागले तरी बिघडत नाही. बोटांभोवती, शेपटीच्या टोकाला किंवा डोक्यावरच्या तुऱ्यावर जुनी कात आवळून राहिली आणि पुढच्या कातीपर्यंत तशीच असेल, तर रात्रीची आर्द्रता तपासावी. अडकलेली कात ओढून काढू नये. संध्याकाळची फवारणी आठवडाभर थोडी वाढवली की ती बहुधा सुटते. बोटाभोवती कडे करून सूज आली असेल तर मात्र डॉक्टरकडे जावे.

उलट बाजूच्या खुणा अधिक धोक्याच्या असतात. दिव्याखाली तापल्यावर तोंड उघडून बसणे हे शरीर थंड करण्यासाठी असते. तेच दिव्यापासून दूर, सकाळच्या गारव्यात घडत असेल, श्वासाबरोबर टिक-टिक किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तोंडात चिकट फेस दिसत असेल किंवा प्राणी मान वर ताणून श्वास घेत असेल, तर श्वसनमार्गाच्या संसर्गाची शक्यता धरून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला त्याच दिवशी दाखवावे. फॉगर बंद करावा, पिंजरा वाळू द्यावा, पण पाणी पाजणे थांबवू नये. वाफारे देणे, माणसांची औषधे घालणे असे घरगुती उपाय करू नयेत.

इतर जातींसाठी

मादागास्करचा पँथर कॅमेलिऑन बेटाच्या उत्तर आणि पूर्व भागातल्या दमट, सखल प्रदेशातला आहे. त्याला दिवसा ५० ते ७० टक्के आणि रात्री त्याहून जास्त आर्द्रता द्यावी, बाकी वेळापत्रक हेच. केनिया आणि टांझानियाच्या डोंगरांतला तीन शिंगांचा जॅक्सन कॅमेलिऑन थंडाव्याचा प्राणी आहे. त्याला रात्री १० ते १५ अंशांचा गारवा आणि भरपूर धुके लागते, दिवसाही तापमान २७ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. मुंबईच्या किनाऱ्यावर एसीशिवाय ही जात पाळण्याचा विचार करू नये.

गावाला जाताना

स्वयंचलित यंत्रणा असली तरी प्राणी दोन दिवसांपेक्षा जास्त एकटा सोडू नये. निघण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून, एका दिवसाला किती पाणी जाते ते आधी मोजून, जितके दिवस बाहेर राहणार त्याच्या दुप्पट पाणी आहे ना हे पाहावे. पंप कोरडा चालला तर जळतो. लोडशेडिंगच्या भागात टायमरच्या वेळा वीज गेल्यावर मागे पडतात, म्हणून आत बॅटरी असलेला टायमर घ्यावा. फॉगर मात्र या दिवसांत बंदच ठेवावा, कारण त्यातले पाणी रोज बदलणारे कोणी घरात नसते. शेजाऱ्याकडे किल्ली देताना चार ओळींचा कागद पिंजऱ्यावर चिकटवावा: ट्रे रिकामा करणे, सकाळी पाने ओली झाली का ते पाहणे, ठिबकाची बाटली भरणे, आणि तोंडाशी फेस किंवा मिटलेले डोळे दिसल्यास कोणत्या डॉक्टरला फोन करायचा त्यांचा नंबर.